केळी पिकवण्याच्या खोलीसाठी इथिलीन सेन्सर: टिन ऑक्साइडमध्ये कोणते डोपिंग करावे?

विचारणा: रावेरची_विद्यार्थिनी

नमस्कार.

मी भौतिकशास्त्रात संशोधन करते. डोपिंग केलेल्या, म्हणजे दुसरे मूलद्रव्य अल्प प्रमाणात मिसळलेल्या, धातू-ऑक्साइडांच्या नॅनोकणांपासून वायू ओळखणारे सेन्सर बनवणे हा माझा विषय आहे. घर केळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या रावेर तालुक्यात (जि. जळगाव) असल्यामुळे वायू निवडताना फार विचार करावा लागला नाही. केळी पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे आणि त्याऐवजी इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे, हे इथे बहुतेकांना ठाऊक असेल. आमच्या भागातील मोठे व्यापारी आता १६ ते १८ अंश तापमान आणि ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रता राखलेल्या बंद खोल्यांत, म्हणजे रायपनिंग चेंबरमध्ये, सुरुवातीचे साधारण २४ तास इथिलीन देऊन माल पिकवतात. आतमध्ये खरोखर १०० पीपीएम आहेत की नाहीत हे सांगणारे स्वस्त उपकरण मात्र फारसे कुठे दिसत नाही.

माझी पद्धत थोडक्यात सांगते. टिन क्लोराइडच्या द्रावणात अमोनिया थेंबाथेंबाने घालून मिळालेला साका धुऊन, वाळवून, ५५० अंशांवर भाजून टिन ऑक्साइडची पूड तयार केली. एक नमुना शुद्ध ठेवला, दुसऱ्यात पॅलॅडियम घातले आणि तिसऱ्यात लँथॅनम. पुडीत एथिल सेल्युलोज व ब्यूटिल कार्बिटॉल ॲसिटेट मिसळून, ७५:२५ या नेहमीच्या प्रमाणात लगदा करून, काचपट्टीवर स्क्रीन प्रिंटिंगने जाड फिल्म छापली आणि ती पुन्हा भाजून घेतली. संपर्कासाठी चांदीची पेस्ट वापरली आहे. मोजणी काचेच्या घुमटाखाली केली: खाली हीटर, त्यावर फिल्म आणि सिरिंजने आत सोडलेला वायू. ३०० अंशांच्या आसपास पॅलॅडियमच्या फिल्मने १०० पीपीएम इथिलीनला चांगला प्रतिसाद दिला. लँथॅनमचा प्रतिसाद त्याहून कमी होता, पण शुद्ध टिन ऑक्साइडपेक्षा बरा होता.

हीच जुळणी सावद्याजवळच्या एका चेंबरमध्ये नेली तेव्हा चित्र पालटले. फिल्मचा मूळ रोध (इथिलीन सोडण्याआधीचा विद्युत रोध) प्रयोगशाळेतील रोधाच्या मानाने खूपच खाली होता. इथिलीन सुरू केल्यावरचा बदल अगदी थोडा होता आणि चेंबरची हवा बदलल्यानंतरही रोध मूळ जागी आला नाही. सर्वांत वाईट अवस्था लँथॅनमच्या फिल्मची होती. मला वाटते की हा आर्द्रतेचा परिणाम आहे, कारण प्रयोगशाळेतली मोजणी मी मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत केली होती. आर्द्रतेला दाद न देणारे एखादे डोपिंग आहे का? दुसरी शंका अशी, की क्ष-किरण विवर्तनात टिन ऑक्साइडची २६.६, ३३.९ आणि ५१.८ अंशांजवळची शिखरे तिन्ही नमुन्यांत जागची हललेली नाहीत. मग पॅलॅडियम आणि लँथॅनम टिन ऑक्साइडच्या स्फटिकजाळीच्या आत गेले आहेत असे मी प्रबंधात लिहू शकते का?

उत्तर: अमळनेरकर_नाना

आपली दुसरी शंका आधी घेतो, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे.

असे लिहू नये. टिनचा चार धन प्रभाराचा आयन ०.६९ अँगस्ट्रॉम त्रिज्येचा आहे. लँथॅनमचा तीन धन प्रभाराचा आयन १.०३ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे जवळपास दीडपट. एवढा मोठा आयन टिनच्या जागी मोठ्या प्रमाणात शिरला असता तर जाळी ताणली गेली असती आणि शिखरे लहान कोनांकडे सरकलेली दिसली असती. ती सरकली नाहीत याचा सरळ अर्थ असा, की लँथॅनम मुख्यतः कणांच्या पृष्ठभागावर आणि कणाकणांच्या सीमेवर ऑक्साइडच्या रूपाने बसला आहे. त्या जागी राहून तो भाजणीच्या वेळी कणांची वाढ रोखतो. शिखरांची रुंदी तपासून पाहा. लँथॅनमच्या नमुन्यात ती वाढलेली असेल, तर शेररच्या सूत्राने स्फटिकाचा आकार लहान निघेल आणि शुद्ध नमुन्यापेक्षा बऱ्या प्रतिसादाचे निम्मे कारण तिथेच सापडेल. टिन ऑक्साइडमध्ये पृष्ठभागाखालचा इलेक्ट्रॉनविरहित थर सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा असतो. कणाचा व्यास याच्या दुपटीजवळ, म्हणजे ६ नॅनोमीटरच्या आसपास आला की संपूर्ण कणच त्या थरात सामावतो आणि संवेदनशीलता एकदम चढते. यामाझोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये हे स्पष्टपणे दाखवले.

पॅलॅडियमची गोष्ट निराळी आहे. तेही बहुतांशी जाळीत जात नाही. पॅलॅडियम ऑक्साइडचे बारीक पुंजके होऊन पृष्ठभागावर राहते. हे पुंजके टिन ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, त्यामुळे हवेतला रोध वाढतो. इथिलीनसारखा क्षपणकारी (ऑक्सिजन काढून घेणारा) वायू आला की पॅलॅडियम ऑक्साइडचे धातूत रूपांतर होते, ओढलेले इलेक्ट्रॉन परत जातात आणि रोध कोसळतो. शिवाय पॅलॅडियम उत्प्रेरकाचे कामही करते. म्हणजे आपल्या दोन्ही फिल्ममध्ये ज्याला आपण डोपिंग म्हणत आहात त्याने जाळीतील इलेक्ट्रॉनांची संख्या जवळजवळ बदललेलीच नाही. ती बदलायची असती तर अँटिमनी घ्यावे लागले असते. अँटिमनी टिनची जागा घेऊन एक इलेक्ट्रॉन जास्तीचा देते, फिल्म चांगली वाहक होते आणि नेमकी त्याच कारणाने सेन्सर म्हणून बहुधा मंदावते. झिंक ऑक्साइडमधील ॲल्युमिनियमचेही तसेच आहे. पारदर्शक वाहक फिल्मसाठी ते उत्तम मानले जाते. कणांचा आकार, इलेक्ट्रॉनांची संख्या आणि पृष्ठभागावरील रसायन यांपैकी आपल्या मिश्रणाने नेमके काय बदलले हे आधी ठरवावे आणि प्रबंधात तेवढेच लिहावे.

आता आर्द्रता. इथे आपण सापेक्ष आर्द्रतेचा टक्का पाहून निष्कर्ष काढत आहात आणि माझ्या मते तो निष्कर्ष टिकत नाही. ३०० अंशांवरच्या फिल्मची अवस्था तापलेल्या तव्यासारखी असते. बाहेरची हवा किती टक्के दमट आहे याच्याशी तिला कर्तव्य नसते. पाण्याचे किती रेणू येऊन आदळतात एवढेच तिच्या दृष्टीने खरे. १७ अंशांना हवेतील पाण्याच्या वाफेचा संपृक्त दाब १.९४ किलोपास्कल असतो. त्याच्या ९२ टक्के म्हणजे सुमारे १.७८ किलोपास्कल, म्हणजेच हवेत साधारण १७,५०० पीपीएम पाणी. एप्रिलच्या दुपारी प्रयोगशाळेत ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर १.१ किलोपास्कल, म्हणजे ११,००० पीपीएम. त्वचेला जो फरक प्रचंड वाटतो तो फिल्मच्या दृष्टीने जेमतेम दीडपट आहे. उलट जुलैमध्ये ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत ३३,००० पीपीएम पाणी असते, म्हणजे पावसाळ्यातली आपली प्रयोगशाळा चेंबरपेक्षा जवळजवळ दुप्पट ओली असते.

पाण्याचा परिणाम होतच नाही असे मी म्हणत नाही. वाफेचे रेणू पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट तयार करतात, इलेक्ट्रॉन सोडतात आणि ज्या जागांवर ऑक्सिजनचे आयन बसायला हवेत त्या अडवतात, त्यामुळे मूळ रोधही उतरतो आणि प्रतिसादही. पण पाण्याचे प्रमाण वाढत जाते तसा हा परिणाम मंदावत जातो. कोरड्या सिलिंडरच्या हवेतून नैसर्गिक हवेत आल्यावर जी मोठी उडी दिसते ती ११,००० वरून १७,५०० वर जाताना दिसणार नाही. आपला मूळ रोध खूपच खाली गेला आहे. तेव्हा तिथे दुसरा कोणता तरी क्षपणकारी वायू हजर असला पाहिजे, आणि लँथॅनमची फिल्म सर्वांत वाईट वागली या एका निरीक्षणावरून माझा संशय इथेनॉलवर जातो.

कारण असे. ऑक्साइडचा पृष्ठभाग आम्लधर्मी असेल तर इथेनॉलमधून पाणी निघून त्याचे इथिलीन होते आणि आम्लारिधर्मी असेल तर हायड्रोजन निघून ॲसिटाल्डिहाइड होते. टिन ऑक्साइड दुसऱ्या मार्गाने मिळालेल्या ॲसिटाल्डिहाइडला कितीतरी जास्त प्रतिसाद देते. लँथॅनम ऑक्साइड स्पष्टपणे आम्लारिधर्मी आहे आणि इथेनॉल हुंगणाऱ्या सेन्सरसाठी ते टिन ऑक्साइडमध्ये मुद्दाम घातले जाते. म्हणजे इथिलीन शोधायला निघताना आपण अनवधानाने इथेनॉलचा सेन्सर सोबत नेला आहे. डोपिंगच बदलायचे असेल तर टंगस्टन ऑक्साइडकडे पाहावे. त्याचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो आणि टिन ऑक्साइडमध्ये ते मिसळून इथिलीन ओळखण्याचे काम झालेले आहे. पण चेंबरमध्ये इथेनॉल कुठून येते हे मला सांगता येणार नाही. तिथे काम करणाऱ्या कुणी सांगितले तर बरे होईल.

एक किरकोळ सूचना. साका धुताना क्लोराइड पूर्ण निघाले का हे सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून तपासत जा. उरलेले क्लोराइड पृष्ठभागाची सगळी गणिते बिघडवते.

उत्तर: जळगाव_इलेक्ट्रॉनिक्स

एवढा खटाटोप कशासाठी करावा, असा प्रश्न पडतो. बाजारात काही शे रुपयांत तयार वायू-सेन्सर मिळतात. त्यातला एखादा मायक्रोकंट्रोलरला जोडला की काम झाले.

उत्तर: अमळनेरकर_नाना

ते तयार सेन्सरही टिन ऑक्साइडचेच असतात आणि ज्या एमक्यू मालिकेतील भागांविषयी आपण बोलत असाल त्यांतला एक तर खास मद्यार्कासाठीच विकला जातो. १९६२ मध्ये जपानमध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ फिल्मवर वायूंचा परिणाम दाखवला आणि त्याच वर्षी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे हे तंत्र घरगुती गॅसची गळती ओळखण्यासाठी घरोघर गेले. गळती झाली की नाही एवढे सांगणे आणि दमट, वासाळ खोलीत ८० पीपीएम आहेत की १२० हे सांगणे, या दोन कामांतला फरक तयार भाग विकत घेतल्याने मिटत नाही. इथिलीनसाठी विद्युत-रासायनिक सेन्सर मिळतात, ते महाग असतात आणि त्यांनाही इतर वायूंची बाधा होतेच. एमआयटीतील टिमोथी स्वेगर यांच्या गटाने २०१२ मध्ये कार्बन नॅनोनलिकांवर तांब्याचे संयुग बसवून इथिलीन ओळखले होते. वनस्पतींमधील इथिलीनच्या ग्राहक प्रथिनातही तांबेच असते, त्यामुळे ती वाट मला आवडते. मात्र आपल्या विद्यार्थिनीचा विषय ऑक्साइडचा आहे.

उत्तर: सावद्याचा_केळीवाला

ताई, मी शास्त्र शिकलेला नाही, परंतु चेंबर चालवतो, म्हणून नानांनी विचारलेल्या गोष्टीपुरते लिहितो.

आमच्याकडे इथिलीनचा सिलिंडर नाही, जनरेटर आहे. त्यात जो द्रव ओततात तो मुख्यतः इथेनॉलच असतो. यंत्राच्या आत तापलेल्या उत्प्रेरकावरून तो गेला की त्याचे इथिलीन होते, असे यंत्र बसवणाऱ्याने समजावले होते. सगळ्या द्रवाचे इथिलीन होतेच असे काही नाही. यंत्र जुने झाले किंवा नीट तापण्याच्या आधीच द्रव सुटू लागला, तर दार उघडल्यावर स्पिरिटचा वास येतो. तो वास आम्ही सारेच ओळखतो. शिवाय एखाद्या क्रेटमध्ये जास्त पिकलेली फणी राहून गेली तर तिलाही आंबूस वास येतो. आपण सेन्सर लावला त्या चेंबरमध्ये आधीचा माल नुकताच निघाला असेल तर खोली पूर्ण मोकळी झाली होती का, हेही विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट पंख्याची. चेंबरमध्ये थंड हवा क्रेटच्या आरपार जावी म्हणून मोठे पंखे सतत चालू असतात. आपली उघडी काचपट्टी त्या वाऱ्यात ठेवली असेल तर ती ३०० अंशांवर राहिली असेल असे मला वाटत नाही. वीज गेली की विजेच्या जनरेटरवर येईपर्यंत सगळेच बंद पडते, ते निराळे.

आणि आमची खरी गरज सांगू का? इथिलीन थोडे कमी-जास्त झाले तरी केळी पिकतेच. घात होतो तो कार्बन डायऑक्साइडने. केळी श्वास घेते आणि बंद खोलीत तो साचत जातो. तो १ टक्क्याच्या वर गेला की पिकण्याची गती मंदावते आणि रंग एकसारखा येत नाही, म्हणून ठरावीक वेळाने दार उघडून हवा बदलावी लागते. हे सध्या आम्ही घड्याळाकडे पाहून करतो. कांदेबाग आणि मृगबाग या लागवडीच्या दोन वेगळ्या हंगामांच्या मालाला एकच घड्याळ लावणे बरोबर नाही हे कळते, पण मोजायला हाताशी काही नाही. आपला सेन्सर हेही सांगेल का?

उत्तर: धुळे_उपकरणे

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी: नाही. कार्बन डायऑक्साइडचे आणखी ऑक्सिडीकरण होत नाही, त्यामुळे टिन ऑक्साइडला तो जवळजवळ जाणवत नाही. त्यासाठी अवरक्त किरणांवर चालणारा वेगळा सेन्सर लागतो. तो आता आवाक्यातल्या किमतीत मिळतो आणि भाऊंनी तो कुणाच्याही संशोधनाची वाट न पाहता बसवून घ्यावा.

ताई, आपल्या जुळणीबद्दल माझे मत असे, की इथेनॉलचा बंदोबस्त पुडीत करण्याआधी हवेच्या वाटेवर करावा. इथेनॉल पाण्यात वाटेल तेवढे विरघळते आणि इथिलीन जवळजवळ विरघळत नाही. विरघळण्याच्या प्रवृत्तीतला हा फरक हजारो पटींचा आहे. म्हणून चेंबरमधली हवा लहान पंपाने, माशांच्या टाकीला लावतात तसलाही चालेल, मिनिटाला २०० मिलिलीटर या वेगाने ओढावी, २०० मिलिलीटर पाण्याच्या बाटलीतून बुडबुड्यांच्या रूपाने काढावी आणि मगच फिल्मपर्यंत न्यावी. इथेनॉल ५० पीपीएमच्या आसपास असेल तर एवढे पाणी ते दिवसभर सहज अडवून धरते. रोज पाणी बदलावे म्हणजे झाले. दुसरा फायदा असा, की बाटली चेंबरमध्येच ठेवली तर बाहेर पडणारी हवा नेहमी १७ अंशांना संपृक्त असेल, म्हणजे पाणी सदैव १९,००० पीपीएमच्या जवळपास राहील. आर्द्रतेला दाद न देणारे डोपिंग शोधण्यापेक्षा आर्द्रता एका जागी बांधून टाकणे सोपे आहे. तिच्यामुळे मूळ रोध उतरेल, पण तो हलणार नाही आणि मोजणीला तेवढे पुरते.

बाटलीनंतर एक रिकामी बाटली अवश्य ठेवावी. पाण्याचा एक थेंब जरी तापलेल्या काचपट्टीवर उडाला तरी ती तडकते. नळी रबराची नको, टेफ्लॉनची घ्यावी, कारण रबर वाफा शोषून ठेवते आणि नंतर सावकाश सोडत बसते. नळी चेंबरबाहेर काढताना आपल्याकडे बहुतेक काळ अडचण येणार नाही, बाहेरची हवा उबदारच असते. पण डिसेंबरच्या पहाटे बाहेरचे तापमान १७ अंशांच्या खाली गेले की नळीत पाणी जमेल. त्या दिवसांत नळीला थोडी ऊब द्यावी.

शून्य तपासण्यासाठी पाण्याच्या बाटलीनंतर एक फाटा काढून त्यात पोटॅशियम परमँगनेट लावलेले दाणे भरलेली नळी बसवावी. परमँगनेट इथिलीनचे ऑक्सिडीकरण करते. कधी या फाट्यातून, कधी सरळ, अशी हवा आलटून पालटून घेतली की दोन रोधांच्या गुणोत्तरात उरतो तो बहुतांशी इथिलीनचाच भाग. क्रम मात्र उलटा करू नये. परमँगनेट इथेनॉललाही सोडत नाही, त्यामुळे पाण्याच्या आधी ते लावले तर दोघांतला फरक पुसला जाईल.

वाऱ्याबद्दल केळीवाले भाऊ बोलले ते अगदी बरोबर आहे. आपली थर्मोकपल (तापमान मोजणारी तारजोडी) बहुधा हीटरच्या अंगाला असेल. फिल्मचा पृष्ठभाग वाऱ्यात त्यापेक्षा कितीतरी थंड असू शकतो. साधारण १५० अंशांच्या खाली ऑक्सिजन रेणूच्या रूपातील आयन म्हणून बसतो, त्याच्या वर विभागलेल्या, अधिक क्रियाशील अणूच्या रूपात. तापमान उतरले की क्रिया मंदावतात, पाण्याचे आणि इथेनॉलचे अवशेष पृष्ठभागावर रेंगाळतात. हवा बदलल्यावरही रोध परत आला नाही याचे हे एक कारण असणार. फिल्म नळीच्या शेवटी लहान पेटीत, चेंबरबाहेर ठेवली तर वाऱ्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रतिसाद: रावेरची_विद्यार्थिनी

नाना, भाऊ, सर्वांचे आभार. त्या चेंबरमध्येही जनरेटरच होता हे विचारून घेतले. पाण्याची बाटली आणि बाहेरची पेटी लावून पुन्हा मोजणी केली. मूळ रोध बराच वर आला आणि सर्वांत मोठी सुधारणा लँथॅनमच्या फिल्ममध्ये दिसली, त्यामुळे इथेनॉलचा तर्क पटला. शिखरांची रुंदीही पाहिली. लँथॅनमच्या नमुन्यात ती खरोखरच जास्त आहे. प्रबंधातले ते प्रकरण आता पृष्ठभागावरील ऑक्साइड या अंगाने लिहीत आहे. टंगस्टनची पूड करायला घेतली आहे.

एक गोष्ट अजून सुटत नाही. पॅलॅडियमच्या फिल्मचा प्रतिसाद चेंबरमध्ये सुधारला असला तरी घुमटाखाली मिळत होता तेवढा येत नाही. घुमटाखाली मी प्रतिसाद ८० टक्के मोजला होता आणि एका शोधनिबंधात अशाच फिल्मसाठी ५ दिला आहे, तोही जुळत नाही.

उत्तर: धुळे_उपकरणे

८० टक्के आणि ५ हे एकच आहेत. आपण हवेतील रोधातून वायूतील रोध वजा करून हवेतील रोधाने भागत आहात आणि निबंधात हवेतील रोधाला वायूतील रोधाने सरळ भागले आहे. रोध पाचव्या हिश्श्यावर आला तर पहिल्या रीतीने ८० टक्के, दुसऱ्या रीतीने ५. प्रबंधात कोणतीही एक रीत धरा, पण टक्क्यांत ९० आणि ९५ जवळचे दिसतात आणि गुणोत्तरात ते १० आणि २० असतात, हे लक्षात असू द्या.

घुमटाखालच्या आकड्यावर मी फार विसंबणार नाही. ५ लिटरच्या घुमटात अर्धा मिलिलीटर इथिलीन सोडले की हिशेबाने १०० पीपीएम होतात हे खरे, पण आत पंखा नसेल तर सिरिंजच्या तोंडाजवळचा दाट वायू मिसळण्याच्या आधीच फिल्मवर पोहोचतो आणि रोधाची सर्वांत मोठी घसरण त्या क्षणाची नोंदली जाते. नळी, पाणी आणि पेटी या जुळणीचे प्रमाणीकरण त्याच जुळणीवर करावे. २० लिटरचा पिण्याच्या पाण्याचा रिकामा, कोरडा जार घ्यावा, त्यात शुद्ध इथिलीन २ मिलिलीटर सोडावे, तोंड बंद करून थोडा वेळ हलवत ठेवावा आणि मग त्यातली हवा त्याच पंपाने, त्याच पाण्यातून फिल्मवर घ्यावी. जार आवळला जाऊ नये म्हणून बाहेरची हवा आत येण्यासाठी बारीक छिद्र लागेल. त्या वाटेने इथिलीन विरळ होत जाते, म्हणून पहिल्या पाच मिनिटांतलेच वाचन धरावे. तोवर १ लिटर हवा निघालेली असते आणि घट ५ टक्क्यांच्या आत राहते.

आणखी एक. आपली फिल्म उघडी आहे आणि तिच्याखाली लाल व्हायच्या बेतात आलेला हीटर आहे. इथिलीन हवेत २.७ टक्के, म्हणजे २७,००० पीपीएम झाल्यावर पेट घेऊ शकते. चेंबरमधले १०० पीपीएम त्याच्या जवळपासही जात नाहीत, पण सिलिंडर वापरणाऱ्या ठिकाणी झडपेजवळ गळती झाली तर तिथल्या तिथे हा आकडा गाठला जाऊ शकतो. बाजारातल्या सेन्सरवर स्टेनलेस स्टीलची दुहेरी बारीक जाळी असते ती याचसाठी. पेटीच्या हवा येण्याच्या आणि जाण्याच्या दोन्ही तोंडांना तशी जाळी लावल्याशिवाय हीटर चालू करू नये.